राजधानी पाहावी पाण्याच्या वाटेने



पुणे पाहण्यासाठी येणाऱ्या पाहुण्याचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. सकाळी शनिवारवाडा, तेथून लाल महाल व कसबा गणपती, वाटेत दगडूशेठ हलवाई गणपतीचे दर्शन, दुपारी राजा दिनकर केळकर संग्रहालय, मग आगाखान महाल आणि ऊन उतरल्यावर पर्वती. सायंकाळी पर्वतीच्या पायऱ्या उतरताना पुणे पाहून झाल्याचे समाधान त्याच्या चेहऱ्यावर असते. यातील प्रत्येक स्थळ पाहण्याजोगे आहे, याविषयी वाद नाही. परंतु त्या पाहुण्याला एक प्रश्न अवश्य विचारावा : स्थळे पाहिलीत, राजधानी पाहिलीत का? ज्या नगरातून अटकेपर्यंत पोहोचलेल्या फौजांचा कारभार चालला, त्या नगरात माणसे कशाच्या आधारावर राहत होती, कोणते पाणी पीत होती, हिशेब कोठे लिहीत होती, हे कोणी दाखविले का? उत्तर बहुधा नकारार्थी येते. यात दोष पाहुण्याचा नाही. दाखविणाऱ्या पुणेकरालाच ही राजधानी पुरती ठाऊक राहिलेली नाही.

राजधानी कशी घडली?

पुण्याचे नाव प्राचीन आहे. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या इ. स. ७५८ आणि ७६८ च्या ताम्रपटांत 'पुण्यविषय' आणि 'पूनकविषय' असे या प्रदेशाचे उल्लेख येतात. जंगली महाराज रस्त्यावरील पाताळेश्वराचे लेणे त्याच राष्ट्रकूट काळातले मानले जाते. त्याच्या अंगणातील गोलाकार नंदीमंडप आजही शांतपणे उभा आहे. पुढे सतराव्या शतकात आदिलशाहीचा सरदार मुरार जगदेव याने हे गाव बेचिराख केले. त्या उजाड भूमीवर जिजाऊसाहेब बालशिवाजीला घेऊन आल्या. कसबा गणपतीची प्रतिष्ठापना आणि सोन्याच्या नांगराने केलेली नांगरट या दोन्ही गोष्टी लोकस्मृतीने त्या काळाशी जोडल्या आहेत. लाल महालाची आजची वास्तू विसाव्या शतकात महापालिकेने उभारलेली असली, तरी ५ एप्रिल १६६३ च्या रात्री शायिस्तेखानाची बोटे जेथे तुटली ते स्थान याच परिसरातले. पाहुण्याला तेथे उभे करताना हा भेद सांगावा. इमारत नवी आहे, पराक्रम खरा आहे. स्पष्ट सांगितल्याने श्रद्धा कमी होत नाही.

थोरल्या बाजीरावांनी सासवडहून आपला मुक्काम पुण्यास हलविला आणि गावाचे भाग्य पालटले. छत्रपतींची गादी सातारला होती. १७४९ मध्ये शाहू महाराज निवर्तल्यानंतर मात्र राज्यकारभाराचे केंद्र पूर्णपणे पुण्यात आले. राजधानीचा मान साताऱ्याचा आणि राजधानीचे काम पुण्याचे, अशी ती व्यवस्था होती. हे काम करण्यासाठी गावाचे नगर व्हावे लागले.

वाडा पाहताना

शनिवारवाड्यापासूनच आरंभ करावा. १० जानेवारी १७३० रोजी, शनिवारी, त्याची पायाभरणी झाली आणि २२ जानेवारी १७३२ रोजी, पुन्हा शनिवारीच, वास्तुशांत झाली. मूळ वाड्याला १६,११० रुपये खर्च आल्याची नोंद आहे. उत्तरेकडे तोंड केलेला दिल्ली दरवाजा, हत्तींच्या धडका परतवण्यासाठी त्याच्या फळ्यांवर बसविलेले अणकुचीदार खिळे, वरचा नगारखाना, मस्तानी, खिडकी, गणेश आणि नारायण हे इतर दरवाजे, नऊ बुरूज : पाहुणा हे सारे कुतूहलाने पाहतो. मग तो आत शिरतो आणि थबकतो. आत वाडा नाही. जोती आहेत, हिरवळ आहे, हजारी कारंजाचे कमळाकृती अवशेष आहेत. मजल्यांवर मजले, कोरीव लाकडी खांब, आरसेमहाल, गणेश रंगमहाल यांतले काहीही उरलेले नाही.

१७ नोव्हेंबर १८१७ रोजी या वाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले आणि फेब्रुवारी १८२८ मध्ये लागलेल्या आगीत आतील लाकडी प्रासाद भस्मसात झाला. गणेश रंगमहालातील दरबार कसा दिसत असे, याची कल्पना करायची तर १७९० च्या तहाच्या प्रसंगाचे जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियलने रंगविलेले चित्र पाहावे लागते, आणि ते चित्र आज लंडनमध्ये आहे. दुसऱ्या बाजीरावांच्या विश्रामबागवाड्याचीही कथा फारशी वेगळी नाही. १८७९ च्या आगीत त्याचा मोठा भाग गेला. रस्त्याकडेची सुरूच्या खांबांची आणि नक्षीदार सज्ज्याची देखणी दर्शनी बाजू तेवढी तग धरून राहिली. त्याच वर्षी बुधवारवाडाही आगीच्या भक्ष्यस्थानी पडला.

म्हणजे राज्यकर्त्यांनी स्वतःच्या निवासासाठी जे उभारले, त्यातील बहुतेक काळाने नेले. तरीही पुणे आज राजधानीसारखे भासते. ते कशामुळे? प्रजेसाठी जे उभारले, ते टिकले म्हणून. पाण्याच्या सोयी, देवालये, पेठा आणि दप्तर या चार गोष्टींत पुण्याची राजधानी अद्याप जिवंत आहे. ती पाहायची तर वाड्याच्या दारातून मागे फिरावे आणि दक्षिणेला कात्रजची वाट धरावी.

डोंगरातून आलेले पाणी

पुणे मुठेच्या काठी वसले असले, तरी पेठा नदीपासून लांबच्या चढावर पसरत गेल्या तसतशी पाण्याची निकड वाढली. विहिरी आणि आड पुरेनात. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या डोंगराच्या पायथ्याशी तलाव बांधविले आणि तेथून सुमारे आठ किलोमीटर अंतरावरील शहरात भूमिगत नळाने पाणी आणले. या योजनेची रचना समजून घेण्यासारखी आहे. तलाव दोन आहेत. वरच्या तलावात डोंगरावरून वाहून आलेला गाळ खाली बसे आणि नितळ झालेले पाणी खालच्या तलावात उतरे. तेथून ते दगड-चुन्याच्या बांधीव बोगद्यात शिरे. माणसाला आत उतरून साफसफाई करता यावी इतका तो प्रशस्त होता. वाटेत ठराविक अंतरावर 'उच्छ्वास' बांधलेले होते. या उभ्या विहिरींतून बोगद्याला हवा मिळे, साचलेला गाळ काढता येई आणि आतील प्रवाह पाहता येई. पाणी चढविण्यासाठी कोणतेही यंत्र नव्हते. उतार अचूक राखल्याने पाणी स्वतःच्याच ओढीने शहरात पोहोचत असे.

शहरात आलेले हे पाणी हौदांतून वाटले जाई. काळा हौद, बदामी हौद, बुधवार हौद, फडके हौद ही नावे पुणेकरांच्या तोंडी अजून आहेत; कित्येकांना ती केवळ चौकांची वा थांब्यांची नावे वाटतात. शनिवारवाड्यातील कारंज्यांना आणि पेठेतल्या सामान्य गृहिणीच्या घागरीला पाणी पुरविणारा नळ एकच होता. हजारी कारंजाचे अवशेष पाहताना पाहुण्याला हे सांगितले, तर ते दगडी कमळ निराळ्याच अर्थाने दिसू लागेल. पुढे नाना फडणिसांनी आंबेगावच्या बाजूने दुसरा नळ आणून सदाशिव पेठेची सोय केली.

कात्रजहून येणारा आंबिल ओढाही याच योजनेत आला. त्याचे पाणी अडवून नानासाहेबांनी पर्वतीच्या पायथ्याशी विस्तीर्ण तळे निर्माण केले. तळ्याच्या मध्यावरील बेटावर सवाई माधवरावांच्या काळात, १७८४ मध्ये, सिद्धिविनायकाची स्थापना झाली. आज सारसबागेत सायंकाळी मुले खेळतात, ती या तळ्याच्या तळाशी खेळतात! 'तळ्यातला गणपती' हे नाव मात्र पाण्याची साक्ष देत राहिले आहे.

पर्वतीवर उभे राहून

तेथून पर्वतीच्या शंभराहून अधिक पायऱ्या चढाव्यात. वरचे देवदेवेश्वराचे मंदिर १७४९ मध्ये पूर्ण झाले. विष्णू आणि कार्तिकेय यांचीही मंदिरे टेकडीवर आहेत. पानिपतच्या आघाताने खचलेल्या नानासाहेबांनी २३ जून १७६१ रोजी याच टेकडीवर देह ठेवला. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या रणाचा धूर दुसऱ्या बाजीरावांनी येथूनच पाहिला. वैभवाचा निर्माता आणि त्याचा शेवटचा वारस, दोघांच्याही आयुष्यातील कठीण क्षण या एका टेकडीने पाहिले आहेत.

वर उभे राहून दक्षिणेकडे कात्रजचा डोंगर आणि उत्तरेकडे पेठांची दाटी पाहावी. पाण्याची सारी वाट एका दृष्टिक्षेपात येते. परंतु येथे उभे असताना आणखी एक स्मरण टाळता येणार नाही, टाळूही नये. याच पर्वतीच्या पायऱ्यांवर १९२९ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांनी मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह केला. शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज यांच्यासारखे कार्यकर्ते त्यात अग्रभागी होते. देवाच्या दारी आलेल्या त्या सत्याग्रहींवर दगडफेक झाली. त्याच्याही साठ वर्षे आधी, १८६८ मध्ये, महात्मा जोतीराव फुले यांनी आपल्या घराचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला होता. राजधानीच्या हौदांचे कौतुक करणाऱ्याने फुले पेठेतील तो वाडा आणि तो हौद पाहिल्याशिवाय आपली फेरी पूर्ण झाली असे मानू नये. डोंगरातून आठ किलोमीटर पाणी आणण्याची बुद्धी या समाजाजवळ होती. तेच पाणी शेजारच्या माणसाच्या ओंजळीत घालण्याची बुद्धी मात्र फार उशिरा आली. पूर्वजांच्या कर्तृत्वाचा अभिमान बाळगणाऱ्या समाजाने त्यांच्या उणिवांचे ऋणही आपल्याच खात्यावर मांडले पाहिजे.

पेठा, देवळे आणि आळ्या

पर्वती उतरून पेठांत शिरावे. पेठांची नावे हा शहराचा इतिहासच आहे. बुधवार पेठेच्या ठिकाणी औरंगजेबाने 'मोहियाबाद' वसविले होते. पेशव्यांच्या काळात पेठांना वारांची नावे मिळाली. सदाशिव पेठ पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंचे आणि नारायण पेठ शनिवारवाड्यात ३० ऑगस्ट १७७३ रोजी मारल्या गेलेल्या नारायणरावांचे नाव सांगते. पत्ता लिहिताना पुणेकर रोज या स्मृतींना उजाळा देतो, त्याला त्याचे भान असो वा नसो.

देवळांचेही तसेच आहे. तुळशीबागेत खरेदीसाठी गर्दी करणाऱ्यांपैकी किती जण आत जाऊन रामाचे दर्शन घेतात? पुण्याचे सरसुभेदार नारो आप्पाजी खिरे यांनी १७६१ मध्ये आरंभलेले हे मंदिर १७९५ मध्ये पूर्णत्वास गेले. ते साम्राज्याच्या एका अधिकाऱ्याने उभारले, राजाने नव्हे, हे ध्यानात घ्यावे. जवळच नाना फडणिसांची बेलबाग आहे. मुठेच्या काठी ओंकारेश्वर आहे आणि त्याच्या आवारात वसईच्या विजेत्या चिमाजी आप्पांची समाधी आहे. वसईचा रणवीर ज्या साधेपणाने तेथे विसावला आहे, तो साधेपणा तरुणांना अवश्य दाखवावा.

सोमवार पेठेतील त्रिशुंड गणपतीचे मंदिर तर बहुतेक पुणेकरांनीही पाहिलेले नसते. १७५४ मध्ये गोसाव्यांनी आरंभलेल्या या काळ्या पाषाणाच्या मंदिराच्या दर्शनी भिंतीवर एक विलक्षण शिल्प आहे : इंग्रज शिपाई साखळदंडाने एका गेंड्याला जखडत आहेत. गेंडा हा पूर्वेकडचा प्राणी. प्लासीनंतर बंगालवर बसलेल्या इंग्रजी पकडीचे हे चित्र असावे, असा त्याचा अर्थ लावला जातो. तो अर्थ खरा असेल, तर पुण्यातल्या एका अनाम पाथरवटाला येणाऱ्या संकटाची चाहूल फार आधी लागली होती, असे म्हणावे लागेल. याच मंदिराच्या तळघरात समाधी आहे. तेथे पाणी असते आणि गुरुपौर्णिमेला ते तळघर दर्शनासाठी उघडले जाते.

कसबा पेठेतील तांबट आळीत मात्र डोळ्यांआधी कान पोहोचतात. तांब्यावर पडणाऱ्या हातोड्यांचा ठोका तेथे अजून ऐकू येतो. पेशवाईत वसलेल्या या कारागिरांनी राजधानीची भांडी घडविली. ठोक्याशेजारी ठोका देत तांब्याला झळाळी आणणारे त्यांचे मठारकाम पाहताना वेळ कसा जातो ते कळत नाही. या आळीत तिकीट नाही, फलक नाही. कारागीर कामात असतो आणि पाहणाऱ्याला नम्रपणे उभे राहावे लागते. शनिवारवाड्यात राजधानीची जोती दिसतात, तांबट आळीत राजधानीचा हात दिसतो.

कागदांतील राजधानी

चौथी गोष्ट दप्तराची. वाडा जळाला, परंतु त्या वाड्यातून चाललेला कारभार कागदांवर उरला. १८९१ मध्ये बांधलेल्या पुणे अभिलेखागाराच्या इमारतीत पेशवे दप्तराचे कोट्यवधी मोडी कागद जतन केलेले आहेत. रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी त्यांतील निवडक कागद १९३० च्या दशकात ४५ खंडांत प्रसिद्ध केले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव पायपीट करून साधने जमविली आणि त्यांच्या प्रेरणेने १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. पुणे पाहायला आलेल्या जिज्ञासूने मंडळाची पायरी एकदा तरी चढावी. दगडांपेक्षा कागद अधिक बोलतात. मोडी वाचणारे हात मात्र कमी होत चालले आहेत. लिपी शिकणारा एक तरुण म्हणजे बंद दप्तराची एक किल्लीच होय.

विस्मरणाची किंमत

हे सारे जतन करण्याचा प्रश्न केवळ भावनेचा आहे काय? २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री या प्रश्नाचे उत्तर पुण्याला फार कठोरपणे मिळाले. कात्रजच्या बाजूने मुसळधार पावसाचे लोंढे आले आणि आंबिल ओढा अरण्येश्वर, दांडेकर पूल परिसरातील वस्त्यांत घुसला. भिंती कोसळल्या, संसार वाहून गेले, अनेकांना प्राणास मुकावे लागले. नानासाहेबांनी ज्याच्या प्रवाहाचा अभ्यास करून त्याला तळ्यात विसावा दिला होता, तोच हा ओढा. मधल्या काळात त्याचे पात्र आवळले गेले, काठावर बांधकामे चढली आणि ओढा म्हणजे नाला असे शहराने ठरवून टाकले. पाणी आपली वाट विसरत नाही, माणसे विसरतात. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतच्या पुराने पेठांना हाच धडा दिला होता.

कात्रजच्या नळाचे उच्छ्वास आज कोठे रस्त्याच्या पोटात, कोठे इमारतीच्या कुंपणात गेले आहेत. हौद बुजले वा झाकले गेले. वाड्यांची जागा सदनिकांनी घेतली. जुन्या वाड्यात नळाला रांग लावून, गळत्या छपराखाली राहणाऱ्या कुटुंबाला नव्या घराची आस असावी, यात गैर काही नाही. वारसा जपण्याचा भार त्या एकट्याच्या डोक्यावर टाकणे अन्यायाचे ठरेल. बुधवार पेठेतील भिडे वाडा, जेथे १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू झाली, तो दीर्घकाळ न्यायालयीन वादात पडझड सोसत राहिला. डिसेंबर २०२३ मध्ये, राष्ट्रीय स्मारकाच्या उभारणीसाठी, तो पाडावा लागला. स्मारक अवश्य व्हावे. पण मूळ वास्तू वेळीच सांभाळली असती, तर ती स्वतःच स्मारक ठरली असती.

पाहण्याचे व्रत

यावर उपाय काय? तो फार खर्चाचा नाही. प्रत्येक शाळेने वर्षातून एकदा आपल्या विद्यार्थ्यांना कात्रजच्या तलावापासून शनिवारवाड्यापर्यंत पाण्याच्या वाटेने न्यावे. प्रत्येक गणेश मंडळाने आपल्या पेठेतील एक हौद, एक आड, एक जुने देऊळ दत्तक घ्यावे. त्याची स्वच्छता करावी आणि त्याची खरी माहिती चार ओळींत तेथे लावावी. ऐकीव कथा कथा म्हणून सांगावी, नोंदीतले सत्य सत्य म्हणून सांगावे. घरात जुने मोडी कागद असतील, तर ते रद्दीत न घालता अभ्यासकांच्या हाती द्यावेत. आणि पाहुणा घरी आला, की त्याला शनिवारवाडा दाखवून झाल्यावर एक पेठ तरी पायी फिरवावी. मेट्रो २०२४ मध्ये कसबा आणि बुधवार पेठेच्या पोटातून धावू लागल्यापासून तेथवर पोहोचणेही सोपे झाले आहे. ज्या भूमीखालून एके काळी कात्रजचे पाणी शहरात आले, त्याच भूमीखालून आता प्रवासी येतात. जिना चढून वर आल्यावर काय पाहावे, हे त्यांना सांगणारा पुणेकर तेवढा हवा.

राजधानी हा मान कोणी देऊन मिळत नाही आणि सिंहासन गेल्याने संपतही नाही. दोनशे वर्षांपूर्वी पुण्याचे राज्य गेले. परंतु प्रजेच्या तहानेची चिंता वाहणारी, हिशेब नीट लिहिणारी, कारागिराला आळी आणि देवाला बाग देणारी ती नगररचना अजून पूर्णपणे पुसली गेलेली नाही. ती पाहण्यासाठी लांब जावे लागत नाही. येत्या रविवारी सकाळी घरातील मुलाचे बोट धरावे, जवळच्या हौदापाशी जावे आणि त्याला विचारावे, "बाळ, येथे पाणी कोठून येत असे, ठाऊक आहे का?" उत्तर शोधण्यासाठी दोघे मिळून चालू लागले, की राजधानीचे दर्शन सुरू झाले असे समजावे.